गुरूच्या चंद्रांची वही: नावं न पाहता चारही चंद्रांचे फेऱ्यांचे काळ कसे काढायचे

दुर्बिणीतून गुरू पाहिला की पुढचं ठरलेलं असतं. चार ठिपके दिसतात आणि डोळा आयपीसवरून (डोळा लावायच्या भिंगावरून) उठायच्या आत फोन बाहेर येतो: यातला आयो कुठला, कॅलिस्टो कुठला? अॅप नावं सांगतं आणि काम झालं असं वाटतं. काही जण त्यापुढे जाऊन आठ-दहा रात्री चित्रंही काढतात. मग त्या चित्रांतून काही निघत नाही, कारण कुठे डावं-उजवं उलटलेलं असतं, कुठे वेळच लिहिलेली नसते, आणि सगळ्यात आतल्या चंद्राचा ताळमेळ काही केल्या लागत नाही.

सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं हा समज ज्या निरीक्षणाने मोडला, ते निरीक्षण छोटी दुर्बीण, घड्याळ आणि वही घेऊन गच्चीवरून सहा आठवड्यांत पुन्हा करता येतं. शेवटी तुमच्या हातात चार काळ आणि एक गुणोत्तर असेल. अट एकच: उत्तर आधी पाहायचं नाही. अॅप सातव्या पायरीला उघडायचं, त्याआधी नाही.

## तयारी

### क. मोसम

गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो ती प्रतियुती. ती साधारण १३ महिन्यांनी येते: जानेवारी २०२६, फेब्रुवारी २०२७, मार्च २०२८, एप्रिल २०२९. त्या सुमारास गुरू सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर वर असतो. प्रतियुतीच्या दोन आठवडे आधी सुरुवात करून नंतरचे चार आठवडे धरा. या काळात एकाच रात्री काही तासांच्या अंतराने दोनदा पाहता येतं, आणि पृथ्वीपासून गुरूचं अंतर फारसं बदलत नसल्यामुळे पहिल्या आठवड्याची मापं शेवटच्या आठवड्याशी ताडून पाहता येतात. २०३० पासून प्रतियुती मे-जूनकडे सरकते आणि महाराष्ट्रात पावसाळा आडवा येतो. म्हणून करायचं असेल तर त्याआधीचे मोसम सोडू नका.

घरात पंचांग असेल तर ‘गुरूचा अस्त’ कधी आहे ते पाहून घ्या. लग्नाचे मुहूर्त ज्यामुळे अडतात तोच हा काळ. गुरू तेव्हा सूर्याच्या तेजात हरवलेला असतो. त्याच्या आगेमागे महिना-दीड महिना हा प्रयोग होत नाही.

सावध: पंचांगातली रास म्हणजे ३० अंशांचा गणिती भाग. आकाशातला त्याच नावाचा तारकासमूह नेमका त्याच हद्दीत असतो असं नाही. राशीचे तारे हुडकत बसू नका, गुरू त्यांच्या आधी सापडतो.

### ख. साधन

६० ते ७० मिमी व्यासाची साधी दुर्बीण पुरते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (मुख्य भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं: ७०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट, १० मिमीचा लावला तर ७० पट. ३० ते ७० पट हे या कामासाठी उत्तम. खोक्यावर छापलेल्या ५०० पटींकडे दुर्लक्ष करा, तेवढ्या पटीत या दुर्बिणीला गुरू म्हणजे थरथरणारा पांढरा गोळाच दिसेल. गॅलिलिओने १६१० मध्ये हे काम सुमारे २० पटींवर केलं होतं.

मोटर असलेलं स्टँड असेल तर ती बंद ठेवा. आपल्याला गुरू दृश्यातून सरकायलाच हवा आहे, का ते चौथ्या पायरीत येईल.

दुर्बीण नसेल तर १०×५० चा बायनॉक्युलर चालतो, पण तो ट्रायपॉडवर पक्का बसवायला हवा. हातात धरला तर चंद्र दिसतात आणि हरवतात, क्रम लिहिता येत नाही. बायनॉक्युलरने बाहेरच्या दोन चंद्रांचे काळ नीट निघतात, आतला चंद्र मात्र गुरूच्या चमकेत बुडतो. पूर्ण प्रयोग करायचा असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला जाऊन दुर्बीण हाताळून पाहा आणि मगच विकत घ्या.

शहरातल्या दिव्यांचा या कामात फार त्रास होत नाही, तापलेल्या स्लॅबचा होतो. गच्चीवर संध्याकाळी पहिले एक-दोन तास हवा लाटांसारखी हलत असते. पाण्याची टाकी आणि एसीची बाहेरची पेटी यांच्यापासून लांब उभे राहा, आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. खिडकीच्या काचेतून पाहायचं नाही.

### ग. वही

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. सुट्या कागदावर किंवा फोनच्या टिपणात लिहू नका. एक वही घ्या, प्रत्येक रात्रीला एक पान द्या आणि पानाचा साचा दिवसाउजेडीच आखून ठेवा: तारीख, वेळ, किती पट, हवा कशी, आणि मधोमध एक आडवी रेघ. रेघेच्या डाव्या टोकाला ‘पू’, उजव्या टोकाला ‘प’, मध्यभागी गुरूचं वर्तुळ. दुर्बिणीत काहीही दिसो, कागदावर पूर्व डावीकडेच राहील.

तारखेचा घोळ टाळण्यासाठी दिवस दुपारी १२ पासून मोजा. पहिल्या निरीक्षणाच्या दिवशीची दुपार म्हणजे ०.००. त्या रात्रीचे ९ वाजून १० मिनिटं म्हणजे ०.३८, आणि मध्यरात्रीनंतरचे १२ वाजून ४० मिनिटं म्हणजे ०.५३. घड्याळात तारीख बदलली तरी वहीत रात्र एकच राहते. खगोलशास्त्रज्ञांची दिवसगणती याच कारणाने दुपारी सुरू होते.

तपासणी: पेन अंधारात सापडेल अशा जागी आहे का? लाल कागद लावलेली छोटी विजेरी आहे का? फोनचं घड्याळ आपोआप जुळतं का? अॅप फोनमध्ये असेल तर ते सहा आठवड्यांसाठी काढून टाका.

## पायरी १: गुरू नक्की करा

प्रतियुतीच्या सुमारास रात्री दहानंतर आकाशात जो सगळ्यात तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका असेल तो गुरू. दोन जण फसवतात. शुक्र गुरूपेक्षाही तेजस्वी असतो, पण तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाही. व्याधाचा तारा चकचकीत असतो, पण तो लुकलुकतो. दुर्बिणीत तर शंकेला जागाच उरत नाही: गुरूची चकती दिसते, तारा ठिपकाच राहतो.

फोकस गुरूवर न करता चंद्रांवर करा. ठिपके सुईच्या टोकासारखे झाले की फोकस बरोबर.

## पायरी २: पश्चिम शोधा

हीच पायरी लोक गाळतात आणि मग सगळी वही वाया जाते.

दुर्बिणीतली दिशा दुर्बिणीवर अवलंबून असते. बायनॉक्युलरमध्ये चित्र सरळ दिसतं. मागे काटकोनात आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत वर-खाली बरोबर पण डावं-उजवं उलटं. आरशाच्या न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण १८० अंशांत फिरलेलं. त्यात आज आयपीस एका कोनात बसला आणि उद्या दुसऱ्या, तर चित्र आणखी वळतं.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की दक्षिणेकडे तोंड करा, डावीकडे पूर्व. युरोपात ते ठीक आहे. आपल्याकडे गुरू जवळपास डोक्यावरून जातो. मिथुन राशीत असताना तर मुंबई-पुण्याहून तो माथ्याच्या किंचित उत्तरेकडून सरकतो. मग दक्षिणेकडे तोंड करून काय करणार? शिवाय चंद्रांची रेघ रात्रभर एकाच कोनात राहत नाही. गुरू पूर्वेला नुकताच वर आलेला असताना ती जवळजवळ उभी असते, पश्चिम बाजू वर आणि पूर्व बाजू खाली. तो मावळतीकडे गेला की पश्चिम बाजू खाली येते. रात्री आठला ‘वरचा’ म्हणून लिहिलेला चंद्र पहाटे तीनला ‘खालचा’ होतो, आणि वहीत तो गुरूला ओलांडून गेल्यासारखा दिसतो.

म्हणून डावं, उजवं, वर, खाली हे शब्द वहीत लिहायचेच नाहीत. दिशा आकाशालाच विचारा:

१. गुरू दृश्याच्या मधोमध आणा.
२. दुर्बिणीवरचा हात काढा.
३. गुरू ज्या काठाकडे सरकतो ती पश्चिम. पृथ्वीच्या फिरण्याने होणारं हे सरकणं कुठल्याही दुर्बिणीत, कुठल्याही आयपीसमध्ये खोटं बोलत नाही.

बायनॉक्युलरमध्ये हे सरकणं मंद वाटतं. ट्रायपॉड न हलवता दोन-तीन मिनिटं थांबा.

तपासणी: त्याच रात्री आयपीस काढून थोड्या वेगळ्या कोनात पुन्हा बसवा आणि पश्चिम पुन्हा ठरवा. चित्र वळेल, पण चंद्रांचा पूर्व-पश्चिम क्रम तोच राहायला हवा. तो बदलला तर तुम्ही अजून डावं-उजवंच लिहीत आहात.

## पायरी ३: चित्र काढा, जे दिसलं तेच

पूर्वेकडून पश्चिमेकडे जितके ठिपके दिसतात तितके रेघेवर मांडा. नमुना असा:

दिवस ६.३८, ७० पट, हवा बरी
पू ——— ● ———— ● — (गु) —— ● ———————— ● — प

नावं नाहीत. क्रमांकही नाहीत, कारण कालचा ‘१’ आजही ‘१’ आहे असं तुम्ही नकळत धरून चालाल. तेजात ठळक फरक वाटला तर ठिपका थोडा मोठा काढा, त्यावरून ओळख मात्र पटवू नका.

तीनच दिसले तर तीनच काढा. चौथा गुरूच्या समोर असेल, मागे असेल, त्याच्या सावलीत असेल, किंवा दुसऱ्या चंद्राला चिकटून एकच ठिपका झाला असेल. ७ जानेवारी १६१० च्या पहिल्या रात्री गॅलिलिओने तीनच काढले. दोन चंद्र इतके जवळ होते की त्याला वेगळे दिसलेच नाहीत. चौथ्याची नोंद १३ जानेवारीला झाली. ९ तारखेला ढग होते, तर त्या दिवशी चित्र नाही. तुम्हीही ढगांच्या रात्रीचं पान कोरं ठेवा, ‘साधारण इथे असेल’ असं भरू नका.

रेघेबाहेरचे ठिपकेही काढायचे. हे तारे असतात आणि अधूनमधून एखादा नेमका रेघेवरच बसून पाचवा चंद्र असल्याचं भासवतो. ओळखायचं कसं? दुसऱ्या रात्री गुरू पुढे सरकतो, चंद्र त्याच्याबरोबर जातात, तारा मागे राहतो. प्रतियुतीच्या काळात गुरू वक्री असतो, म्हणजे ताऱ्यांमधून पश्चिमेकडे जात असतो, त्यामुळे तारा पूर्वेकडे मागे पडतो. पण तारा समजून खोडून टाकू नका. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गॅलिलिओने गुरूजवळचा असा एक ठिपका तारा म्हणून वहीत मांडला होता. तो नेपच्यून होता, आणि ग्रह म्हणून त्याचा शोध लागायला १८४६ उजाडावं लागलं. नोंद होती म्हणूनच हे नंतर कळू शकलं.

सावध: घरात आल्यावर चित्र ‘स्वच्छ’ करू नका. चुकलं असेल तर एक रेघ मारून बाजूला लिहा, मूळ वाचता आलं पाहिजे.

## पायरी ४: अंतर सेकंदांत मोजा

नजरेच्या अंदाजाने ‘गुरूच्या तीन चकत्या इतकं लांब’ असं लिहिता येतं, पण चमकेमुळे चकती फुगून दिसते आणि अंतरं कमी लिहिली जातात. त्यापेक्षा स्टॉपवॉच बरं. आकाश पश्चिमेकडे सरकतं, तर कोण किती सेकंदांनी काठावर पोचतो एवढंच मोजायचं.

१. गुरू दृश्याच्या मध्यातून जाईल अशा बेताने त्याला थोडं पूर्वेला ठेवून दुर्बीण सोडा.
२. सगळ्यात पश्चिमेचा ठिपका काठाआड गेला की स्टॉपवॉच सुरू करा.
३. पुढचा प्रत्येक ठिपका नाहीसा झाला की लॅपचं बटण दाबा.
४. गुरूसाठी दोनदा दाबा: चकती काठाला टेकली तेव्हा आणि पूर्ण गेली तेव्हा. दोहोंची सरासरी म्हणजे गुरूचा मध्य.
५. प्रत्येक ठिपक्याचं गुरूच्या मध्यापासूनचं अंतर सेकंदांत लिहा. पूर्वेकडचं अधिक, पश्चिमेकडचं उणे.
६. हेच तीनदा करा आणि मधला आकडा घ्या.

दोघं असाल तर काम सोपं होतं: एकाने पाहून ‘गेला’ म्हणायचं, दुसऱ्याने बटण दाबायचं आणि लिहायचं.

चंद्रांची रेघ सरकण्याच्या दिशेला थोडी तिरकी असते, त्यामुळे सेकंद थोडे कमी येतात. पण सगळ्यांचे सारख्याच प्रमाणात कमी येतात, आणि आपल्याला शेवटी तुलनाच करायची आहे.

तपासणी: गुरूची चकती काठाआड जायला सुमारे तीन सेकंद लागायला हवेत. सहा-सात लागत असतील तर फोकस बिघडला आहे किंवा गुरू मध्यातून न जाता काठाजवळून तिरका जातो आहे.

## पायरी ५: कधी पाहायचं

रोज रात्री नऊला, नेमाने, एकदा. हे वेळापत्रक शिस्तीचं वाटतं, आणि आतल्या चंद्राच्या बाबतीत हमखास फसवतं. तो चंद्र २४ तासांत अर्ध्या फेरीपेक्षा थोडा जास्त फिरतो. आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा पूर्वेला. दिवसाला एकच नोंद असेल तर १.७७ दिवसांची फेरी आणि उलट दिशेने २.३० दिवसांची फेरी हे दोन्ही काळ त्याच ठिपक्यांना बरोबर बसतात. कागदावर यातला खरा कोणता ते ठरवायला काहीच उरत नाही.

म्हणून:

- जमेल त्या प्रत्येक रात्री एक नोंद.
- आठवड्यातून निदान दोन रात्री तीन-चार तासांच्या अंतराने दोन नोंदी, उदाहरणार्थ ९ आणि साडेबारा.
- एखाद्या सुट्टीच्या रात्री दर तासाला एक.

सलग रात्री मिळाल्याच पाहिजेत असं नाही. ३५ रात्रींच्या टप्प्यात २० पानं भरली तरी पुरतं. रात्री बदलत्या वेळांना पाहणं उलट चांगलं, वेळ मात्र मिनिटापर्यंत लिहिलेली हवी.

## पायरी ६: आलेख, आणि बाहेरून आत

आलेखाच्या कागदाच्या लांब बाजूवर दिवस घ्या, उभ्या बाजूवर सेकंद, मध्यरेषा म्हणजे गुरू. सगळ्या रात्रींचे सगळे ठिपके मांडा. सुरुवातीला नुसता विस्कटलेला पसारा दिसेल. इथे बहुतेक जण आतल्या चंद्रापासून सुरुवात करतात कारण त्याचे ठिपके जास्त असतात, आणि अडकतात. आपण सगळ्यात बाहेरून सुरू करायचं.

पहिला: सगळ्या वहीत सर्वांत लांब गेलेले ठिपके पाहा, साधारण ४० सेकंदांच्या आसपासचे. तितक्या लांब दुसरा कुणीच जात नाही, म्हणून ते एकाच चंद्राचे. जत्रेतली आडवी चक्री तिच्याच उंचीवरून लांबून पाहिली तर घोड्यावर बसलेलं पोर दोन्ही टोकांना रेंगाळतं आणि मध्ये झपकन जातं. चंद्रांचंही तसंच: हा बाहेरचा चंद्र टोकाजवळ दोन-अडीच दिवस जवळपास तिथेच दिसतो. त्याच्या ठिपक्यांमधून हाताने मऊ लाट काढा.

टोकाची वेळ थेट वाचू नका, लाट तिथे सपाट असते आणि अर्ध्या दिवसाची चूक सहज होते. त्याऐवजी टोकाकडे जाताना तो ३० सेकंदांवर कधी होता आणि परत येताना ३० वर कधी होता ते आलेखावरून घ्या. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे टोक. पूर्वेच्या एका टोकापासून पूर्वेच्या पुढच्या टोकापर्यंतचा काळ साडेसोळा-सतरा दिवस येईल. पूर्व टोक ते पश्चिम टोक ही अर्धीच फेरी. ही चूक फार जण करतात.

दुसरा: पहिल्याचे ठिपके रंगवून बाजूला काढा. उरलेल्यांत सर्वांत लांब जाणारे, २३ सेकंदांच्या आसपासचे, दुसऱ्या चंद्राचे. हा आठवड्याच्या जवळपास एक फेरी करतो, त्यामुळे सहा आठवड्यांत पाच फेऱ्या तरी मिळतात.

तिसरा: आता उरलेल्यांत १४-१५ सेकंदांपर्यंत जाणारे. साडेतीन दिवसांच्या आसपास. इथे ठिपके विरळ पडतात, म्हणून एकेक लाट न काढता वेगळी युक्ती करा: अंदाजाचा काळ धरून सगळे ठिपके एकाच फेरीवर ओढून आणा. म्हणजे ३.५ दिवसांचा अंदाज असेल तर प्रत्येक नोंदीच्या दिवसाला ३.५ ने भागून उरलेली बाकी आडव्या बाजूवर मांडा. काळ बरोबर असेल तर एकच स्वच्छ लाट दिसते, चुकला असेल तर ठिपके विखुरतात. ३.४५, ३.५०, ३.५५, ३.६० असं करून पाहा.

चौथा: उरलेले ठिपके, ९-१० सेकंदांच्या आतले. त्यांना तीच युक्ती लावा, पण आधी एकाच रात्रीच्या जोड-नोंदी पाहा. तीन तासांत हा चंद्र सुमारे २५ अंश फिरतो, म्हणजे गुरूजवळून निघाला असेल तर तेवढ्यात टोकाच्या वाटेचं चाळीस टक्क्यांहून जास्त अंतर कापतो. तो गुरूच्या चकतीवरून जाताना दिसला तर पूर्वेकडून आत शिरतो आणि पश्चिमेकडून बाहेर पडतो. मागून जाताना पश्चिमेला लपतो आणि पूर्वेला उगवतो. चारही चंद्रांची चाल हीच. तासातासाच्या नोंदींत हे दिसलं की २.३० दिवसांची उलटी फेरी आपोआप बाद होते.

काळ आणखी नेमका करायचा असेल तर लांबचा पल्ला घ्या. आतला चंद्र ३० दिवसांत जवळपास १७ फेऱ्या करतो. पहिल्या आणि शेवटच्या टोकाच्या वेळेत मिळून दोन तासांची चूक झाली तरी १७ ने भागल्यावर ती सात मिनिटांवर येते. फेऱ्यांची संख्या मात्र चुकता कामा नये.

सावध: एखादा चंद्र गुरूला न टेकताच मध्येच विझतो किंवा मोकळ्या आकाशात अचानक उगवतो, तेव्हा तो गुरूच्या सावलीत गेलेला असतो. प्रतियुतीआधी सावली पश्चिमेला पडते, नंतर पूर्वेला. अशा वेळा मिनिटासह लिहा, टोकांपेक्षा त्या कितीतरी नेमक्या असतात. पॅरिसमध्ये ओल रोमरने १६७६ मध्ये आतल्या चंद्राच्या अशाच वेळांतल्या फरकावरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवलं. २०२६-२७ च्या मोसमात चंद्र एकमेकांनाही झाकतात, तेव्हा दोन ठिपक्यांचा एक झाला तर घाबरू नका.

## पायरी ७: आता अॅप उघडा

तुमचे चार काळ शाईने लिहून झाल्यावरच. मग ताडून पाहा:

- आयो: १.७६९ दिवस
- युरोपा: ३.५५१ दिवस
- गॅनिमिड: ७.१५५ दिवस
- कॅलिस्टो: १६.६८९ दिवस

छोट्या दुर्बिणीने आणि सहा आठवड्यांत बाहेरच्या दोघांचा काळ दोन-तीन टक्क्यांच्या आत आला तर काम चोख झालं. फरक मोठा असेल तर आकडा दुरुस्त करण्याआधी तो कोणत्या पानावरून आला ते शोधा. बहुतेक वेळा पूर्व-पश्चिम उलटलेलं एखादं पानच निघतं.

## पायरी ८: गुणोत्तर काढा

प्रत्येक चंद्रासाठी टोकाच्या अंतराचा (सेकंदांत) घन करा आणि त्याला काळाच्या (दिवसांत) वर्गाने भागा. नमुन्यासाठी धरलेले आकडे:

- आयो: ९ सेकंद, १.७७ दिवस → ७२९ ÷ ३.१३ = २३३
- युरोपा: १४.५ सेकंद, ३.५५ दिवस → ३०४९ ÷ १२.६ = २४२
- गॅनिमिड: २३ सेकंद, ७.१५५ दिवस → १२१६७ ÷ ५१.२ = २३८
- कॅलिस्टो: ४१ सेकंद, १६.६९ दिवस → ६८९२१ ÷ २७८.५ = २४७

अंतरं साडेचार पट बदलतात, काळ नऊ पटींहून जास्त बदलतो, आणि गुणोत्तर जागचं हलत नाही. ग्रहांसाठी केप्लरने मांडलेला हा नियम गुरूच्या अंगणातही चालतो.

तुमचा आकडा २४० नसेल, गुरू किती लांब आहे त्यावर तो ठरतो. चौघांचा आकडा एकमेकांजवळ आहे का एवढंच पाहायचं. अंतरात १० टक्के चूक झाली तर गुणोत्तरात ३० टक्के होते, म्हणून चौघांत पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक राहिला तरी निराश होऊ नका.

तपासणी: पाचव्या पायरीतला सापळा आठवा. आयोचा काळ २.३० दिवस धरला असता तर ७२९ भागिले ५.२९, म्हणजे १३८. बाकी तिघं २४० च्या घरात आणि हा एकटाच बाहेर. असं झालं तर जोड-नोंदी पुन्हा पाहा.

## पायरी ९: निष्कर्ष लिहिताना

शाळेच्या प्रकल्पांत या प्रयोगाखाली ठरलेलं वाक्य असतं: ‘यावरून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध झालं.’ झालं नाही. तुमच्या वहीवरून इतकंच म्हणता येतं की काही पिंड पृथ्वीभोवती न फिरता गुरूभोवती फिरतात, आणि आकाशात सरकणारा ग्रह आपले चंद्र मागे न टाकता बरोबर नेतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असती तर आपला चंद्र मागे पडला असता, हा त्या काळचा आक्षेप होता. दुसऱ्या मुद्द्याने त्यातली हवा निघाली.

सोळाव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याच्या रचनेत ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरत होता. गुरूचे चंद्र त्या रचनेतही आरामात बसतात. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरते याचा आकाशातला थेट पुरावा जेम्स ब्रॅडलीच्या १७२८ च्या कामातून आला: ताऱ्यांच्या जागा वर्षभरात थोड्या हलतात, आणि ते पृथ्वीच्या वेगामुळे. ताऱ्याचं पराशय (पृथ्वीची जागा बदलल्यामुळे जवळचा तारा थोडा सरकलेला दिसणं) बेसेलने मोजलं १८३८ मध्ये. आणखी एक गल्लत नेहमी दिसते. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं. ते परिवलन, सूर्याभोवतीचं परिभ्रमण नव्हे. प्रकल्पात दोन्ही एका ओळीत घालू नका.

टॉलेमीची, म्हणजे सगळं पृथ्वीभोवती फिरवणारी प्राचीन रचना बाद करायची असेल तर पुढचं लक्ष्य शुक्र. त्या रचनेत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे तो कधीही अर्ध्याहून जास्त उजळलेला दिसता कामा नये. शुक्र संध्याकाळच्या आकाशात नुकताच वर येऊ लागतो तेव्हापासून दर आठवड्याला त्याची चकती काढा: उजळ भाग किती आणि चकती किती मोठी. सुरुवातीला ती छोटी आणि जवळपास पूर्ण भरलेली दिसेल, पुढे अर्धी, आणि शेवटी मोठी पण चंद्रकोरीसारखी. पूर्ण अंधार झाल्यावर तो इतका चमकतो की आकार कळत नाही, म्हणून संधिप्रकाशातच पाहावं लागतं. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या बाजूला वळवायची नाही, आणि पहाटेचा शुक्र पाहत असाल तर सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी आयपीसवर झाकण लावून टाकायचं.